बाबांसाठी घेतलेली बंदूक

ती अजून तिथेच आहे. तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले, घरातलं सगळं हललं, तुमचे कपडे शेजारच्या फरीदाआपाने बांधून देऊन टाकले, कंपनीचा मोबाईल कंपनीवाले घेऊन गेले, तुमच्या चपला पण मी दाराबाहेरून आत आणल्या, पण ती बाथरूमच्या छतात होती तशीच आहे. आणि मी इथे खाली इद्दतीला बसले आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणतात. तर डोक्यावर ती आणि खाली मी, असं चाललंय आमचं.

जमातीच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणून निरोप आलाय. गाव कुठलं, किती वर्षं इथे, स्वभाव कसा. स्वभाव मनमिळाऊ होता असं आपाच लिहून देणार आहे. मी नववी नापास, मला तसलं नाही जमत. मी आपली लेकीच्या, आयराच्या वहीत लिहिते, तुम्हालाच, कारण हे दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नाही. समोर असतात तर तुम्ही म्हणाला असतात, "रविवारी बघतो." आठ महिने तेच म्हणालात.

मला तो फोन आठवतो. तुम्ही कामावरून येऊन बनियनवर बसला होता, बाबांचा फोन स्पीकरवर, आणि बाबा ओरडत होते, कारण त्यांना वाटतं दुबई लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

"असलम, अरे वानरांनी यंदा कलमांवर काय ठेवलं नाय रे. डबे वाजवले, फटाके लावले, आता डबा वाजला की जेवायला बोलावलं असं समजून येतात."

तुम्ही हसत होता.

"हसतोस काय. तिकडे चांगली छर्ऱ्याची बंदूक मिळते का बघ. इकडची दोन महिन्यात ढिली पडते. बाहेरची आण."

"बघतो बाबा."

त्यात काय मोठं होतं? माझ्या माहेरी छर्ऱ्याची बंदूक कॅलेंडरच्या बाजूला खिळ्याला असायची, माझा मामू तिने पेरूवरचे पोपट उडवायचा. दापोलीच्या बाजारात फवारणीचे पंप आणि छत्र्या लटकवतात तिथेच तीही लटकवलेली असते. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तर तुम्हाला तरी का शंका यावी आणि मला तरी का?

मग तुमच्या रास अल खोरच्या यार्डातला तो ड्रायव्हर, मुलुखाला कायमचा परत चालला होता, खोलीतलं सामान विकत होता. त्याच्याकडून तुम्ही मिक्सर आणला आणि ती आणलीत. मिक्सरचे साठ दिरहम, तिचे साडेचारशे. मी म्हटलं साडेचारशे म्हणजे दहा हजारच्या वर झाले आपले, आणि तुम्ही म्हणालात, "लाकूड बघ ना, जुनं काम आहे." चादरीत गुंडाळून आणली होती. सोफ्यावर उभं राहून एसीवर नेम धरलात. मी म्हटलं, "एसी पडला तर डिपॉझिट जाईल," आणि आपण दोघं हसलो. ते हसणं आता आठवायला नको वाटतं. पण हसलो होतो हे खरं आहे, मी खोटं नाही लिहिणार.

गावी पाठवायचं कार्टन तुम्हीच भरलंत. दोन ब्लँकेट, दुधाची पावडर, चहा, बाबांची बॅटरी, नणंदेच्या मुलांचे कपडे, आणि मधोमध तिरपी ती. कार्गोवाला आला, यादी बघता बघता त्याने कार्टन हलवून बघितलं.

"भाई, ये लंबा क्या है?"

तुम्ही किती खुशीत सांगितलंत. "एअरगन है. फादर के लिए."

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली. आपल्या घराचा दरवाजा त्याने स्वतः लावला. मी किचनमधून बघत होते, त्याचं तोंड बघून मला आधी वाटलं कोणी मेलं.

"तू पागल है? किसने बोला लेने को?"

"गाव में तो दुकान में मिलता है."

"गाव में. ये गाव है? हबीबी, ये इधर हथियार है. लायसन्स नहीं तो खलास. तू भी अंदर, मैं भी अंदर." मग त्याने ब्लँकेटच्या टोकाने धरून ती बाहेर काढली, स्वतःचा हात लागू दिला नाही, आणि म्हणाला, "मैंने देखा नहीं. मैं आया नहीं." पण बाकीचं कार्टन घेऊन गेला. बाबांना ब्लँकेट मिळाली.

ती परत द्यायची तर त्या ड्रायव्हरचा फोन बंद. तो केव्हाच विमानात बसला होता. तुम्ही त्याच्या खोलीवर जाऊन आलात, तिथे दुसरी माणसं. घरी आलात आणि पाणी पण न पिता तिच्याकडे बघत बसलात, जसं काय ती आपणहून चालत आली होती.

मी म्हटलं, पोलिसांना देऊन टाका. किती वेळा म्हटलं. आपलं भांडण एवढंच होतं, दुसरं भांडण आपल्यात झालं असं मला नाही आठवत.

"आणि त्यांनी मला ठेवून घेतलं तर? तुझा व्हिसा, पोरीचा व्हिसा, सगळा माझ्यावर आहे."

"मग घरात ठेवून काय होणार?"

"घरात कोण बघतंय."

"मी बघते."

तुम्ही उठून दाराची कडी परत एकदा बघून यायचात.

तेव्हापासून लिफ्टचं सुरू झालं. आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबली की तुम्ही हात वर करायचात, मी मिक्सर बंद करायचे, दोघं ऐकायचो. पावलं पुढे गेली की मी मिक्सर परत चालू करायचे. चटणी वाटायला मला अर्धा तास लागायचा. एकदा तुम्हीच लवकर आलात आणि मी आतून कडी घालून दारामागे उभी, दार उघडेना. तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही किल्लीने दारावर दोनदा टकटक करायला लागलात. बेल नाही. दोन टकटक म्हणजे तुम्ही. आयरा धावत जायची, "पप्पा इज हिअर." मला तुम्ही कधी फूल आणलं नाही, पण ती टकटक माझ्यासाठी होती हे मला कळायचं. मी बोलले नाही कधी.

आणि तो पडद्याचा दांडा. ते आठवून मी परवा इद्दतीत हसले आणि आपा माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही तिला जुन्या पडद्यात बांधलं, सोबत मोडका दांडा बांधला, आणि खाली मोठ्या कचऱ्याच्या डब्याशी ठेवून आलात. वर येऊन दोन रकात नमाज पढलात. नमाज संपायच्या आत बेल वाजली. तुम्ही चटईवर पांढरेफटक. दारात आपला नातूर, म्हणजे वॉचमन, शफीक, बिल्डिंगचा सगळ्यात भला माणूस, घामाने निथळलेला, ते बोचकं खांद्यावर.

"भाई, आपका परदा नीचे रह गया था. अच्छा कपडा है, कोई ले जाता."

तुम्ही त्याला पाच दिरहम दिलेत. "शुक्रिया," म्हणालात. दार लावलंत आणि जमिनीवर बसलात. मी पण बसले. ते बोचकं आपल्या मधे. आयरा आली आणि म्हणाली, "आर वी प्लेइंग?"

मला वाटतं त्याच दिवशी तुमच्यातलं काहीतरी सुटलं. परत तुम्ही तिला बाहेर न्यायचं नाव काढलं नाही.

छर्ऱ्यांचं लिहायचं नव्हतं. पण ते नाही लिहिलं तर बाकीचं कशाला लिहायचं.

छर्ऱ्यांची गोल डबी तुम्ही कपाटात मोज्यांच्या मागे ठेवली होती, मला वाटलं फेकलीत, तुम्हाला वाटलं मी फेकली. आयराने ती काढली. मी कपडे वाळत घालत होते. तिने खेळण्यातल्या भांड्यात छर्रे ओतले, चमच्याने ढवळले, आणि तुमच्यासमोर धरले. "पप्पा, ईट. इट्स पीज." तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की मी ओल्या कपड्यांसकट धावले. तुम्ही तिच्या तोंडात बोट घातलं होतं आणि ती रडत होती. "तू खाल्लंस? आयरा, तू खाल्लंस?" आणि ती कधी येस म्हणत होती, कधी नो.

डबीत आधी किती होते ते कोणाला माहीत होतं? तुम्ही फरशीवर एक एक वेचून बसलात, आणि वेचून उपयोग काय ते तुम्हालाही कळत नव्हतं. मी म्हटलं, हॉस्पिटलला चला. तुम्ही चपला घातल्या. मग दाराशी थांबलात. "पोटाचा फोटो काढतील. विचारतील हे कुठून आलं." मी म्हटलं, विचारू दे. असं मी म्हटलं, पण मी पण चपला घातल्या नव्हत्या. हे तुम्हाला कधी बोलले नाही. मी तुमच्यावर ओरडत होते आणि माझे पाय मागेच होते.

आपण नाही गेलो. दोन दिवस पोरीची शी बघत बसलो आपण, दोघं, पेपर पसरून. आई-बाप आहोत का कोण आहोत. तिला काही झालं नाही, खेळत होती, पण तुम्ही त्यानंतर जेवताना तिच्याकडे बघायचात आणि घास खाली ठेवायचात. "मी घ्यायलाच नको होती," तेव्हा पहिल्यांदा म्हणालात. मोठ्याने नाही, ताटाला सांगितल्यासारखं. छर्रे तुम्ही फ्लश केले. बंदूक तुम्ही छतात चढवली, बाथरूममध्ये गीझरसाठी छताला ते उघडायचं झाकण आहे ना, त्याच्या आत, आयराच्या बाळपणीच्या दुपट्यात गुंडाळून. मला बाहेर उभं केलंत. बराच वेळ तुम्ही आत होता. त्याच आठवड्यात आयराच्या चित्रांच्या वहीचं एक पान फाटलेलं निघालं आणि मी तिला दोन धपाटे दिले. ती सारखी सांगत होती, "आय डिडन्ट डू इट, मम्मा." मी ऐकलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी पण तेच. मी डबा भरत होते. मी म्हटलं, "आज तिचं काय ते करा." तुम्ही म्हणालात, "रविवारी बघतो." मी म्हटलं, "तुमचा रविवार कधी उजाडतच नाही." तुम्ही हसलात, डबा घेतलात, आयराचं नाक ओढलंत, गेलात. गुरुवार होता.

दुपारी तीनला अनोळखी नंबर. मी उचलला, आणि पलीकडून माणूस हिंदीत म्हणाला, मैं पुलिस से बोल रहा हूं, असलम की वाइफ हो?

मी काय बोलले तुम्हाला सांगते. मी म्हटलं, "सर, घर में कुछ नहीं है. आप आके देखो. हमारे घर में कुछ नहीं है."

तो म्हणाला, "बहन, मेरी बात सुनो. तुम्हारा हस्बंड काम पे गिर गया. हार्ट का था. इन्ना लिल्लाह."

आणि मला, अल्ला मला माफ करो, मला आधी एवढंच ऐकू आलं की बंदुकीचं नाहीये. एक श्वास मी सोडला. सुटल्याचा श्वास. तेवढ्या एका श्वासापुरती मी खुश झाले होते. मग तो पुढचं बोलला, बॉडी, हॉस्पिटल, कोणीतरी जेन्ट्सला पाठवा, आणि मग मला कळलं. पण तो श्वास मी सोडला होता. तो मला परत आत घेता येत नाही. रोज रात्री मी तुमची माफी मागते त्यासाठी, आणि माझ्या डोक्यात येतं की तुमचं हृदय पण त्या लिफ्टला ऐकून ऐकूनच थकलं. चौतीस वय होतं. डॉक्टर म्हणाले गर्मी, टेन्शन, घराण्यात असतं. मी मनात म्हटलं, घराण्यात नाही, छतात आहे.

तुम्हाला इथेच दफन केलं. मी आले नाही, बायका येत नाहीत. कबरीचा नंबर कागदावर लिहून आणून दिलाय, तो मी आयराच्या पासपोर्टमध्ये ठेवलाय.

परवा बाबांचा फोन आला. आता ते ओरडत नाहीत. एवढं हळू बोलतात की मीच ओरडते.

"पोरी, तिकीट झालं का?"

"मंगळवारचं आहे बाबा. इद्दत तिकडेच पुरी करेन."

"बरं. सामान जास्त आणू नको. आणि ऐक, ती बंदूक घेतलीन होती ना त्याने माझ्यासाठी. तेवढी घेऊन ये. वानरांसाठी नाय. त्याने माझ्यासाठी घेतलेली शेवटची चीज, म्हणून."

तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नाही. आठ महिने "कार्टनमध्ये जागा नव्हती, पुढच्या वेळी" हेच सांगितलंत. मी काय सांगू? मी म्हटलं, "हो बाबा." म्हातारा माणूस रडत होता, मी हो म्हटलं.

मी ठरवलं होतं, काहीच करायचं नाही. दार लावायचं, किल्ली द्यायची, विमानात बसायचं. फ्लॅट कोणाच्या नावाने, छत कोणाचं, शोधत बसतील. मी एकटी बाई, पोर कडेवर, मी काय करणार होते?

मग फ्लॅट बघायला माणसं आली. एजंट हॉलमध्येच थांबला, ती बाई आत आली. माझ्याएवढीच असेल, कडेवर वर्षाची मुलगी. माझ्याकडे बघून हळूच "सॉरी सिस्टर" म्हणाली. बाथरूम बघितलं आणि विचारलं, सामान ठेवायला जागा नाही का. एजंट बाहेरून मोठ्याने म्हणाला, "ऊपर है ना मॅडम, सीलिंग में. बहुत जगह है, सब लोग रखते हैं."

तिने वर बघितलं. तिच्या मुलीने पण वर बघितलं.

ती गेल्यावर मी आपाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. आपा महाडची, तोंडाची फटकळ, पण या सोळा दिवसांत माझ्या तोंडात घास तिनेच घातला. ऐकून ती पलंगावर बसली.

"या अल्ला. आणि मी सोळा दिवस नमाजाआधी तिच्या खाली वजू करते."

"आपा, काय करू?"

"समोर पाणी आहे, लगूनमध्ये टाक."

"कॅमेरे आहेत."

"मग मेलीस तू." जरा वेळाने म्हणाली, "नाही मरत. पोलिसांकडे जाऊ. दिवसाढवळ्या, कामापुरतं, इद्दतीत चालतं, मी विचारून घेते. तू एवढंच सांगायचं, सफाई करताना दिसली, माझ्या हस्बंडचं काय होतं मला माहीत नाही. मेलेल्या माणसाला कोण पकडणार आहे? समजलं? पाठ कर."

पाठ करतेय. उद्या जायचं आहे. तुमच्यावर ढकलायचं पाठ करतेय, तुम्हीच ऐका. अक्षर आयराच्या ओळींच्या बाहेर जातंय.

*

इथपर्यंत लिहून चार दिवस झाले.

बंदूक सोबत नाही नेली, रस्त्यात कोणी अडवलं असतं तर. रिकाम्या हाताने गेलो, मी, आपा आणि आयरा, आयराला ठेवायला कोण होतं. तिथला ऑफिसर मोठा माणूस, हिंदी आपल्यापेक्षा चांगली. आयराला ज्यूस दिला. मी पाठ केलेलं म्हटलं, सफाई करताना दिसली. त्याने विचारलं, "कब दिखा?"

आणि मी म्हटलं, "आठ महिने झाले सर."

आपाने माझ्या पायावर पाय दिला. पण सगळं बाहेर आलं, बाबा, वानरं, ड्रायव्हर, कार्गो, परदा, छर्रे, सगळं, मला थांबताच येईना. तुमच्यावर ढकलायला गेले आणि ते जमलंच नाही मला. तो मधेच एकदा म्हणाला, "उसको बोलो खुद आए." मी म्हटलं, तो नाही येऊ शकत सर. तो मेला. हे मी माझ्या तोंडाने तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपानेच सांगितलं होतं.

मग ते आमच्यासोबत घरी आले, एक तरुण पोलीस आणि एक लेडी पोलीस. आठ महिने ज्या लिफ्टला आपण घाबरलो त्या लिफ्टमध्ये मी त्यांच्या बाजूला उभी राहिले, आणि बटण मीच दाबलं. आयरा पोलिसाला म्हणाली, "आर यू टेकिंग पप्पाज स्टिक?" मी तिला कधी दाखवली नव्हती. तिला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "येस हबीबती." ती म्हणाली, "ओके. पप्पा डझन्ट लाइक इट."

शिडीवर तो चढला. दुपटं खाली आलं, त्यातून ती निघाली, आणि तिच्यासोबत एक कागद निघाला. चित्रांच्या वहीचं पान. एका बाजूला हत्ती, अर्धा जांभळा रंगवलेला. दुसऱ्या बाजूला तुमचं अक्षर, इंग्लिशमध्ये, मोठी मोठी अक्षरं, त्यांना वाचता यावं म्हणून. लेडी पोलिसने मोठ्याने वाचलं.

"दिस गन इज माय. आय बाय फॉर माय फादर. माय वाइफ डोन्ट नो. माय वाइफ नो फॉल्ट. सॉरी."

खाली तुमची सही, पगाराच्या कागदावर करता तशी, शेवटी दोन रेघा.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम तो बोली मालूम था."

आपा मागून कुजबुजली, "बोल, नव्हतं माहीत. बोल ना." मला अजून पण नाही म्हणता आलं असतं. तुम्ही तेवढ्यासाठीच लिहून ठेवलं होतं. मी हत्तीकडे बघत होते. मी म्हटलं, "मालूम था मॅडम. ये झूठ लिखा है."

म्हणजे मला तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं. पण आठ महिने मी तुमच्याबरोबर घाबरले, चटणी थांबवून, शी बघत, जमिनीवर बसून. त्यात मी नव्हतेच असं कसं लिहून देऊ?

मी कागद मागितला. ती म्हणाली फाइलमध्ये जाणार. मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढू द्या. तिने मान हलवली, नाही. चांगली होती, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण नाही. बंदूक गेली म्हणून मी सुटले नाही, कारण तिच्याबरोबर तुमचं अक्षर गेलं, आणि माझ्याकडे तुमचं लिहिलेलं दुसरं काही नाही. आपण एकमेकांना कधी काही लिहिलंच नाही. जे लिहिलंत ते पोलिसांना लिहिलंत.

माझा पासपोर्ट ठेवून घेतलाय. वरचा साहेब बघेल, फोन येईल, तोपर्यंत प्रवास नाही. मंगळवार गेला. तिकीट गेलं. फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचाय, मग आपाकडे हॉलमध्ये पडू. फोन चांगला येईल का वाईट येईल, आपाला माहीत नाही, मला माहीत नाही. इन्शाल्ला म्हणतात सगळे.

बाबांना सांगितलं. सगळं नाही, एवढंच की ती इथे चालत नाही, सरकारने घेतली, आणि असलम तिच्यापायी फार घाबरला होता. बराच वेळ फोनवर नुसता वारा. मग म्हणाले, "मला वाटायचं मुद्दाम पाठवत नाय. त्याला दोनदा कंजूस म्हटलं मी." "खाऊ देत वानरांनी," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. काल आपा आयराला क्लिनिकला घेऊन गेली. आता लपवायला काही राहिलं नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं काय झालं होतं ते. पोटाचा फोटो काढला, रक्त पण घेतलं. फोटोत काही नाही. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. पण पोटात काही नाहीये अहो. तिने छर्रा खाल्ला नव्हता. तुम्ही नीट जेवला असतात.

आणि काल पावणेसातला, तुमच्या वेळेला, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली. मी चटणी वाटत होते. सवयीने मिक्सर बंद केला. आता कोण येणार होतं घाबरवायला? तरी केला. आयरा चित्रं टाकून दाराशी गेली, दाराला कान लावून उभी राहिली, दोन टकटक ऐकायला. मी तिला मागे बोलवायला पाहिजे होतं. नाही बोलावलं. पावलं पुढे गेली, समोरचं कोणाचं तरी दार उघडलं, बंद झालं. ती तशीच उभी. मी पण मिक्सरवर हात ठेवून तशीच उभी.